कवडशांची काठी

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची शिंगं साफ व्हायची. फुटक्या काचेनं खरवडून, तेल चोळून, मग रंग. रंग अजून बोटाला चिकटतोय तोवरच त्यावर बेगड चढायचं. आबाजी शिंगाच्या बुडापासून टोकाकडे बेगडाची पट्टी तिरपी गुंडाळत न्यायचे आणि माझा हात पुढे गेला की म्हणायचे, "वाळू दे आधी, मंग हात लाव." दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहत. बैल स्तब्ध असला की शिंग नुसतंच लाल किंवा निळं दिसे. त्यानं माशी हाकलायला मान झटकली की त्याच शिंगावरून उजेडाची एक रेघ सर्रकन धावून जाई. मला त्या रेघेचं फार कुतूहल होतं. ती शिंगावर कुठे राहते, आणि बैल थांबला की जाते कुठे?

त्या प्रश्नाचं उत्तर मला खूप उशिरा सापडलं, आणि सापडलं ते मासे धरायच्या काठीत.

आपल्या वऱ्हाडात मासेमारी म्हटली की डोळ्यापुढे येतं ते भोयांचं जाळं. काटेपूर्णेचं महानचं धरण असो की सिंभोऱ्याचं ऊर्ध्व वर्धा, रोहू-कटला बाजारात येतो तो जाळ्यातून. गळ आणि काठी हा पोरांचा नाद: बांबूची शेलाटी, तिला तंगूस, तंगुसाला गरी, गरीला गांडूळ. जगात इतरत्र मात्र या काठीची एक मोठी कारागिरी उभी राहिली आहे. माणसाच्या हाताच्या मापानं, त्याला कुठला मासा धरायचा आहे ते विचारून, एकेक काठी घडवणारे कारागीर आहेत. काठीवर ज्या कड्यांतून दोरी ओवतात त्या कड्या रेशमी किंवा नायलॉनच्या दोऱ्यानं घट्ट बांधतात. त्या बांधणीवर पारदर्शक राळेचा, म्हणजे इपॉक्सीचा, काचेसारखा थर देतात. आणि हौशी कारागीर त्या थरात चमकी सोडतात. तीच चमकी, जी आपल्याकडे रांगोळीत, राखीवर आणि गणपतीच्या मुकुटावर असते.

काम पाहायला साधं दिसतं. काठी आडवी ठेवून एका लहान मोटरीवर सावकाश फिरवत ठेवतात, मिनिटाला दहा-पंधरा फेऱ्या. राळ आणि हार्डनर मोजून मिसळतात, फार न घुसळता, कारण घुसळलं की बुडबुडे होतात आणि थरात अडकलेला बुडबुडा जन्मभर तिथेच राहतो. आधी राळेचा पातळ हात. तो ओला असतानाच वरून चमकी भुरभुरतात, किंवा आधीच राळेत कालवून ब्रशनं लावतात. मग चार-सहा तास काठी फिरतच राहते. थर घट्ट झाला की सुटी चमकी झटकतात आणि वरून नितळ राळेचे आणखी दोन-तीन हात देतात, कारण पहिल्या थरातून चमकीच्या कडा काट्यांसारख्या वर आलेल्या असतात. त्या बुडाल्याशिवाय बोटाला गुळगुळीत लागत नाही.

यातली प्रत्येक गोष्ट तशीच का करावी लागते, हे पाहायला लागलो तेव्हा मी थक्क झालो.

काठी का फिरवतात? पटकन सुचणारं उत्तर असं की राळ ओघळू नये म्हणून. ते खरंच आहे. पण चमकीच्या दृष्टीनं पाहा. चमकीचं प्लास्टिक राळेपेक्षा थोडं जड असतं, म्हणून ती बुडते. ताजी कालवलेली राळ साधारण एरंडेल तेलाइतकी दाट धरली आणि चमकीची चकती एक पंचमांश मिलिमीटर रुंद धरली, तर ती मिनिटाला जेमतेम एक-दीड दशांश मिलिमीटर खाली जाते, असा हिशेब निघतो. कपात दोन सेंटिमीटर राळ असेल तर तळ गाठायला तिला दोन तासांहून अधिक लागतील. म्हणून कपातली चमकी तरंगतच आहे असं वाटतं. काठीवरचा थर मात्र अर्धा मिलिमीटर. तिथे तीच चकती तीन-चार मिनिटांत तळाशी. काठी थांबवून ठेवली तर वरच्या बाजूची चमकी दोऱ्याला जाऊन टेकेल आणि खालच्या बाजूची थराबाहेर डोकावेल. आता काठी मिनिटाला बारा फेऱ्यांनी फिरवा. अर्ध्या फेरीला अडीच सेकंद. तेवढ्या वेळात चकती एका मिलिमीटरचे सहा सहस्रांश भाग खाली सरकते, आणि तोवर तिचं 'खाली' हे 'वर' झालेलं असतं. म्हणून ती आली तशी परत जाते. ज्या जागी ती पडली त्याच जागी राळ घट्ट होईपर्यंत ती अशी हेलकावत राहते. जमिनीची ओढ तशीच आहे, पण चकतीला खाली कुठे ते कळायच्या आत दिशाच बदलते. एक चिमुकली मोटर एवढं साधते.

आता खुद्द चमकी. हाताच्या तळव्यावर चिमूटभर घ्या आणि भिंग धरा. बहुतेक चकत्या षट्कोनी दिसतील. ही काही सजावटीची आवड नव्हे. मोठ्या चकचकीत फिल्ममधून चकत्या कापताना गोल कापल्या तर मधल्या फटी वाया जातात. षट्कोन एकमेकांना चिकटून बसतात आणि कतरणच उरत नाही. मधमाशीनं पोळ्यात हेच केलं आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, बर्नार्ड्‌सव्हिल गावी हेन्री रुशमन नावाच्या यंत्रकारानं १९३४ साली कतरणीचा बारीक चुरा करण्याचं यंत्र बसवलं, आणि आजच्या चमकीच्या धंद्याची सुरुवात तिथून मानतात.

ती फिल्म म्हणजे पाण्याच्या बाटलीचंच प्लास्टिक, पॉलिएस्टर. तिच्यावर अॅल्युमिनियमचा थर असतो. तो थर ठोकून बसवत नाहीत, लेप म्हणूनही देत नाहीत. हवा काढून घेतलेल्या बंद पेटीत अॅल्युमिनियम इतकं तापवतात की त्याची वाफ होते, आणि ती वाफ थंड फिल्मवर दवासारखी धरते. जाडी काही दशक नॅनोमीटर. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे दीड-दोन हजार थर एकावर एक बसतील. मिठाईवरचा चांदीचा वर्ख आपल्याला पातळपणाची हद्द वाटतो. हा थर त्याहून कितीतरी पातळ. वेफर्सचं पाकीट उलटं केलं की आत जी चांदी दिसते ती हीच. सोनेरी चमकीत सोनं नसतं, पितळही नसतं. रुपेरी थरावर पिवळसर पारदर्शक रंगाचा हात दिला की उजेड दोनदा त्या रंगातून गाळून येतो आणि सोनेरी दिसतो. म्हणून काठीवरची चमकी पॉलिश कागदानं घासायला फार जपावं लागतं. कागदाचा एक फटकारा बसला की रंग जातो, दुसरा बसला की आरसा जातो, आणि चकती कायमची आंधळी होते.

हो, आरसाच. चमकीला स्वतःचा उजेड नाही. तिच्या प्रत्येक चकतीवर एक सपाट आरसा आहे, एवढंच तिचं भांडवल. आणि इथे माझ्या लहानपणच्या रेघेचं उत्तर आहे.

आरसा उजेड एकाच दिशेला फेकतो. अंगणात बसून आरशानं समोरच्या भिंतीवर कवडसा पाडायचा खेळ आपण सगळे खेळलो आहोत. हात किंचित वळवला की कवडसा भिंतभर पळतो. आरसा एक अंश फिरला की कवडसा दोन अंश सरकतो. सूर्याची थाळी आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद, म्हणून सूर्याचा कवडसाही तितकाच अरुंद. आता शिंग किंवा काठी ही गोल. तिच्या पृष्ठभागाचा प्रत्येक पट्टा वेगळ्या दिशेला तोंड करून आहे. सूर्य, पट्टा आणि माझा डोळा यांचा कोन जुळतो तो एकाच अरुंद रेघेवर. बाकी सगळं शिंग आपला उजेड दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यात टाकत असतं. बैलानं मान हलवली की जुळणारा पट्टा बदलतो, म्हणजे रेघ धावते. ती शिंगावर राहतच नव्हती. ती शिंग, सूर्य आणि मी या तिघांमध्ये होती. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पोराला दिसणारी रेघ माझ्या रेघेहून वेगळी होती, आणि आम्ही दोघं एकच समजून भांडत होतो.

बेगडाची पट्टी अखंड असते, म्हणून तिची रेघ अखंड. चमकीनं हा आरसा फोडला आहे. चौरस सेंटिमीटरचा तिसरा हिस्सा जरी चमकीनं झाकला तरी एक पंचमांश मिलिमीटरच्या सुमारे हजार चकत्या तिथे बसतात. हजार आरसे, आणि राळेत थिजताना प्रत्येक जण थोडा वेगळा कललेला. कुणी अर्धा अंश, कुणी पाच अंश. त्यामुळे रेघेच्या आजूबाजूलाही इथे एक, तिथे एक अशा काही चकत्यांचा कोन नेमका जुळतो, आणि काठी तसूभर फिरली की त्या विझून दुसऱ्या पेटतात. सगळ्या चकत्या अगदी सपाट बसल्या असत्या तर काठी नुसती चकचकीत नळी दिसली असती. लुकलुकण्याचं सगळं श्रेय त्या नीट न बसण्याला आहे. वरची राळ त्यात भर घालते. राळेतून बाहेर पडताना किरण वाकतो, म्हणून आत बुडालेली चकती एक अंश कलली तर बाहेर कवडसा दोन नव्हे, जवळपास तीन अंश सरकतो. नितळ राळेचे जे दोन-तीन हात कारागीर वरून देतो, ते चमकीला झाकत नाहीत, तिला अधिक चंचल करतात.

याहून मोठी गंमत घरी करून पाहण्यासारखी आहे. चमकीची कुठलीही वस्तू उन्हात हातभर अंतरावर धरा. उजवा डोळा मिटा, पाहा. मग डावा मिटा, पाहा. पेटलेले ठिपके बदलतील. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे सहा सेंटिमीटर अंतर आहे, आणि हातभर अंतरावर ते सहा-सात अंशांचा फरक करतं, म्हणजे डाव्या डोळ्याला पेटलेली चकती उजव्याला विझलेली दिसते. मेंदूला दोन्हीकडून दोन न जुळणाऱ्या बातम्या येतात. त्या जुळवता न आल्यामुळे त्याला पृष्ठभाग खोल आणि जिवंत भासतो. म्हणूनच चमकीचा फोटो नेहमी हिरमोड करतो. कॅमेऱ्याला एकच डोळा, आणि तोही न हलणारा.

या काठ्यांचा आपल्या मातीशी संबंध नाही असं मला आधी वाटत होतं. तो आहे, आणि चांगला जुना आहे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या ईस्टन गावच्या सॅम्युअल फिलिप या बंदुका करणाऱ्या कारागिरानं १८४० च्या दशकात बांबूच्या चिरफळ्या चिकटवून मासेमारीची काठी घडवली. पुढे १८७० च्या दशकात हायरम लेनर्ड यांनी सहा चिरफळ्यांची काठी धंद्याच्या प्रमाणावर आणली. प्रत्येक चिरफळी साठ अंशांच्या त्रिकोणात तासायची, सहा त्रिकोण चिकटवायचे, की भरीव षट्कोनी काठी तयार. षट्कोनच, चमकीसारखा, आणि इथेही मधे फट उरत नाही म्हणून. त्या काठ्यांना लागणारा बांबू हिंदुस्थानातून जहाजानं जाई आणि बंदराच्या नावावरून त्याला 'कलकत्ता केन' म्हणत. वनस्पतिशास्त्रात त्याची ओळख 'डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस' अशी सांगतात. म्हणजे आपला मानवेल. मेळघाटाच्या उतारांवर जो वाढतो, धारणीजवळ लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्रात ज्या बांबूच्या वस्तू घडतात, तीच ही जात. मानवेल जवळपास भरीव असतो आणि त्याचा चिवट तंतू सालीलगत दाटलेला असतो. काठीला लवचीकपणा हवा आणि मोडता कामा नये, ही अट तो पुरी करतो. विसाव्या शतकात चीनच्या टोंकिन बांबूनं त्याची जागा घेतली, मग काचतंतू आला, आणि १९७० च्या दशकापासून कार्बनतंतू. पण त्या पहिल्या काठ्यांवर चिरफळ्या फाकू नयेत म्हणून ठिकठिकाणी रेशमी दोऱ्याचे वेढे देत, दोरा भिजू नये म्हणून वर वार्निश देत. आज ज्या थरात चमकी झळकते तो थर त्या गरजेतून आलेला आहे. शोभा नंतर आली.

वऱ्हाडच्या हवेत हे काम करायचं तर आपलं ऊन हिशेबात धरावं लागेल. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. दर दहा अंशांना रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगानं होते, हा ठोकताळा लावला तर पंचवीस अंशांना अर्धा तास हाताशी राहणारी राळ पंचेचाळीसला सात-आठ मिनिटांतच आळू लागेल. शिवाय तापल्यानं ती सुरुवातीला पातळ होते, म्हणजे चमकी अधिक लवकर बुडते. म्हणून उन्हाळ्यात काम पहाटेचं. पावसाळ्यात दुसरी अडचण: काही हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून वर पांढुरका, मेणचट पापुद्रा धरतात. तो कोमट पाण्यानं पुसल्याशिवाय पुढचा हात चिकटत नाही. आणि उन्हात ठेवलेली साधी इपॉक्सी काही वर्षांत पिवळी पडतेच. रुपेरी काठी हळूहळू सोनेरी होते, तिच्या चकत्यांना काहीही न होता.

एक गोष्ट कारागीर आवर्जून पाळतात: चमकी मुठीजवळ, टोकाकडे नाही. काठी फेकताना टोक झोकात फिरतं, आणि फिरवायला लागणारा जोर अंतराच्या वर्गानं वाढतो. मुठीपासून दोन मीटरवर ठेवलेला एक ग्रॅम हा वीत-भरावर, म्हणजे वीस सेंटिमीटरवर ठेवलेल्या ग्रॅमच्या शंभरपट जड जातो. मला ही शिस्त फार आवडते. शोभा जिथे कामाला आड येत नाही तिथेच ती द्यायची.

आणि मासा? त्याला या चमकीचं काय? झालाच तर तोटा. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला सगळं वरचं जग सत्त्याण्णव अंशांच्या एका गोल खिडकीत दिसतं, आणि तिथे काठी लखलखली तर तो बिचकू शकतो. नितळ पाण्यात मासे धरणारे कित्येक जण म्हणूनच काठीवर चकाकीच नको म्हणतात. ही चमकी माणसासाठी आहे.

पण ही विद्या मुळात माशाची. रोहूचं ताजं खवलं उन्हात धरा. ती चांदी कुठल्या धातूची नाही. खवल्याखालच्या कातडीत काही पेशी आहेत, त्यांत ग्वानीन नावाच्या पदार्थाचे अतिपातळ, सपाट स्फटिक पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. हे तेच ग्वानीन, जे आपल्या प्रत्येक पेशीतल्या डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक आहे. एकेक पान उजेडाचा थोडासा हिस्सा परतवतं, आणि अनेक पानं मिळून आरसा होतो. मासा हा आरसा मिरवण्यासाठी बाळगत नाही, लपण्यासाठी बाळगतो. खोल पाण्यात चारही बाजूंनी उजेड सारखाच असतो, म्हणून उभा आरसा त्या पाण्याचीच प्रतिमा दाखवतो आणि मासा पाण्यात विरून जातो. त्याला पाण्याबाहेर काढलं, आजूबाजूचा उजेड असमान झाला, की तोच आरसा लखलखतो. माशाची चांदी आपल्याला दिसते ती तो पकडला गेल्यावर.

सतराव्या शतकात पॅरिसमध्ये जाकॅं नावाच्या जपमाळा करणाऱ्या कारागिराला, असं सांगतात, मासे धुतलेल्या पाण्यात ही चमक दिसली. त्यानं खवल्यांतून ती खरवडून काढली आणि काचेच्या पोकळ मण्यांत भरून खोटे मोती केले. द्रवात चमक कालवून ती पारदर्शक पदार्थात कोंडायची, ही कारागिरांची युक्ती तिथेही दिसते. आज कुणी काठीच्या राळेत चमकी कालवतो तेव्हा माशापासून उचललेली ती कला माशाच्याच काठीवर परत जाते.

आपल्या भाषेनं बेगडावरून 'बेगडी' हा शब्द केला आणि त्याचा अर्थ दिखाऊ, खोटा असा ठरवला. मला तो अन्याय वाटतो. इतका प्रामाणिक पदार्थ क्वचित सापडेल. बेगड आणि चमकी स्वतःचं म्हणून काहीच दाखवत नाहीत. आलेलाच उजेड परत करतात, आणि ज्या कोनानं आला त्याच कोनानं.

चमकीची एकच गोष्ट खरोखर वाईट आहे, आणि तीही तिची नव्हे, आपल्या हातांची. राळेत कोंडलेली चमकी तिथेच राहते; युरोपीय संघानं १७ ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीवर निर्बंध आणले, तेव्हा अशा घट्ट पदार्थात कायमच्या बंद झालेल्या चमकीला त्यातून वगळलं. प्रश्न आहे तो खाली सांडलेल्या चिमटीचा. ती झाडून मोरीत सोडली की नाल्यातून मोर्णा नदीत, मोर्णेतून पूर्णेत जाते, आणि कुजत नाही. म्हणून या पोळ्याला शिंगावर, मखरावर किंवा पोरांच्या लाकडी बैलावर चमकी लावाल, तर खाली जुना कागद अंथरा, सांडलेली चमकी ओल्या फडक्यानं टिपा, आणि ते फडकं नदीवर धुवायला नेऊ नका.